भूल उतरल्यावर

"मग येवढा येळ तू हुतीस कुठं गं?"

आत्यानं हे विचारलं तेव्हा ती माझ्या पलंगाशेजारी स्टुलावर बसून विड्याच्या पानाच्या शिरा काढत होती. पित्ताशयातले खडे काढून मला घरी आणलं त्याचा तिसरा दिवस. पोटावर चार बारीक भोकं, त्यांवर चार चिकटपट्ट्या, आणि दुखत होता तो मात्र उजवा खांदा. (दुर्बिणीच्या ऑपरेशनला पोटात गॅस भरतात, त्याची कळ खांद्यात येते. दुखणं एकीकडं आणि कळ भलतीकडं, यावरही एक लेख होईल.) कोरेगावहून आत्या मुद्दाम साताऱ्याला आली होती. ऐंशीच्या पुढची, गळ्यात तुळशीची माळ, कमरेला चंची. माळ घातल्यावर तिचं मटण सुटलं, पान सुटलं नाही.

मी तिला थिएटरमधली गंमत सांगत होते. भूल देणारे डॉक्टर तरुण होते, गप्पिष्ट होते. हातातल्या सुईची नळी तपासता तपासता त्यांनी विचारलं, "मॅडम, काय करता?" म्हटलं, ज्युनिअर कॉलेजला फिजिक्स शिकवते. "अरे बापरे! मग सांगा बघू, प्रकाशाचा वेग किती?" त्यांच्या हातातल्या सिरिंजमध्ये दुधासारखं पांढरं औषध होतं. समोरच्या घड्याळात दहा वाजून वीस मिनिटं झाली होती. मी म्हणाले, "तीन गुणिले दहाचा..."

पुढचा शब्द 'आठवा' असायला हवा होता. तो मी उच्चारला की नाही ते मला माहीत नाही. 'दहाचा' संपल्यावर मला थेट दुसरं छत दिसलं. पिवळट, एका कोपऱ्यात ओल आलेलं. कुणीतरी माझ्या पायांवर पांघरूण सारखं करत होतं आणि बारा वाजून गेले होते.

"कुठंच नव्हते," मी आत्याला म्हणाले.

"आसं कसं? झोपंत बी मानूस आसतंयच की."

तिच्या दृष्टीनं हे उघड होतं. रात्री आपल्याला काही कळत नाही, तरी सकाळी उठून 'काय झ्याक झोप लागली' असं आपण म्हणतोच. आत कुणी जागं नसेल, तर ही बातमी बाहेर आली कशी? आत्यानं शाळेचं तोंड चौथीपर्यंतच पाहिलं, पण तिचा हा युक्तिवाद अद्वैत वेदान्ताच्या ग्रंथांत जसाच्या तसा आहे. गाढ झोपेतून उठलेला माणूस म्हणतो, 'सुखमहमस्वाप्सं, न किञ्चिदवेदिषम्'. मी सुखानं झोपलो, मला काही कळलं नाही. आता आठवण ही अनुभवाचीच होते. म्हणजे झोपेतलं सुख आणि झोपेतलं ते 'काही न कळणं' कुणीतरी अनुभवत होतं. तो साक्षी. नैयायिकांना, म्हणजे न्यायदर्शनाच्या तर्कपंडितांना, हे पटत नाही. ते म्हणतात, बाबा रे, ही आठवण नव्हे, हे अनुमान. उठलास, अंग हलकं वाटलं, बाहेर उजाडलेलं दिसलं, त्यावरून तू हिशेब मांडलास की मधे मला झोप लागली असणार आणि काही कळलं नसणार. साक्षीबिक्षी कुणी नाही.

बी.एस्सी.ला असताना हे पहिल्यांदा वाचलं, तेव्हा मला वेदान्ती जिंकल्यासारखे वाटले होते. भूल उतरल्यावर मी पक्की नैयायिक झाले. कारण झोपेतून उठल्यावर वेळ गेल्याची एक चव तोंडात असते. पहाटे जाग आली तर न बघताही आपण म्हणतो, साडेचार झाले असतील. इथं तसलं काही नव्हतं. 'सुखानं झोपले' म्हणायची सोयच नव्हती. एका क्षणाला दुसरा क्षण चिकटवलेला, मधला पावणेदोन तासांचा तुकडा कात्रीनं कापून टाकलेला, आणि सांधा इतका बेमालूम की घड्याळ नसतं तर तो तुकडा होता हेही कळलं नसतं. (ब्रह्मसूत्रं रचणाऱ्यालाही झोप आणि शुद्ध हरपणं एकच वाटत नव्हतं, हे मला नंतर कळलं. जागेपण, स्वप्न, सुषुप्ती, मरण यांतल्या कशातच मूर्च्छा बसेना, तेव्हा त्यानं तिला 'अर्धसंपत्ति' म्हणून निराळं खातं उघडून दिलं. उरलेलं असं कुठं तरी टाकावंच लागतं.)

मराठीनं या प्रकाराला दिलेला शब्द मला फार आवडतो. भूल. चूक म्हणजे भूल, विसर म्हणजे भूल, आणि कुणाला नादी लावायचं तर त्याला भूल घालायची. ऑपरेशनच्या टेबलावर यांतलं नेमकं काय होतं, ते भाषेनं उघडं ठेवलंय. उलट बाजूचे शब्दही असेच घरगुती आहेत: भान, शुद्ध, जाणीव. तत्त्वज्ञानाच्या पुस्तकांत 'चैतन्य' लिहितात, पण तो शब्द आता मला चालत नाही, कारण दर दसऱ्याला वर्तमानपत्रवाले तो बाजारपेठेला लावतात. मी आपली जाणीव म्हणते. पाय आपटला की दुखतं, चहाचा वास येतो, खिडकीतून अजिंक्यताऱ्यावरचं ऊन दिसतं, ते दिसणं-दुखणं-वास येणं म्हणजे जाणीव. प्रश्न असा की ही सगळी मेंदूतली भौतिक घडामोडच आहे, का तिच्यात आणखी काही आहे?

माझा धंदा पाहता माझं उत्तर ठरलेलं असायला हवं, आणि बहुतांशी ते तसं आहेही. १६ ऑक्टोबर १८४६ ला बोस्टनमध्ये विल्यम मॉर्टन नावाच्या दंतवैद्यानं एका रुग्णाला ईथरची वाफ हुंगवली, सर्जननं त्याच्या मानेवरची गाठ कापून काढली, आणि जमलेल्या डॉक्टरांनी ते डोळ्यांनी पाहिलं. आत्मा म्हणून जे काही असेल, त्याला एका बाटलीतल्या वाफेनं बाजूला सारता येतं, हे त्या दिवसापासून जाहीर झालं. मला त्याहून चकित करतो तो झेनॉन. निष्क्रिय वायू. बाराव्या इयत्तेला आपण शिकतो की हा सहसा कुणाशी संयोग पावत नाही, शरीरात जाऊनही तो कसली रासायनिक क्रिया करत नाही, आला तसा श्वासावाटे निघून जातो. पण पुरेसा हुंगवला तर माणूस बेशुद्ध होतो. जो वायू कुणाच्या अध्यात ना मध्यात, तो नुसता चेतापेशींच्या सान्निध्यात येऊन बसला की 'मी' नाहीसा. जाणीव जर शरीराहून निराळी असेल, तर तिला झेनॉनचं एवढं भय का?

शिवाय ऊर्जेचा हिशेब आहे. मेंदू साधारण १.४ किलोचा, वीसेक वॅटवर चालणारा. माझा हात उचलला जातो तो स्नायूमुळं, स्नायू आकसतो चेतातंतूतल्या विजेमुळं, वीज येते आयनांच्या जा-ये मुळं. या साखळीत कुठंही अशी फट सापडलेली नाही जिथून एखादी अभौतिक इच्छा आत शिरून आयनाला ढकलते आहे. ढकलत असती, तर खतावणीत कुठं तरी जास्तीची जमा दिसली असती. ही शंका काही माझी नाही. मे १६४३ मध्ये बोहेमियाची राजकन्या एलिझाबेथ हिनं आत्मा आणि शरीर निराळे मानणाऱ्या देकार्त या फ्रेंच तत्त्वज्ञाला पत्र लिहून अगदी हेच विचारलं होतं: आत्म्याला आकार नाही, जागा नाही, तर तो शरीराला हलवतो कसा? ती चोविशीची होती. देकार्तनं उत्तरं लांबलचक दिली, पण तिचं समाधान झालं नाही, आणि तिनं ते सभ्यपणे त्याला कळवलंही. माझ्या वर्गात असे विद्यार्थी दहा वर्षांतून एखादे येतात.

तर आत्याला मी म्हणाले, "आत्या, जीव म्हणजे काही निराळी वस्तू नव्हे. हा तुझा विडाच बघ. पान हिरवं, चुना पांढरा, सुपारी तपकिरी. तिन्ही वेगवेगळी तोंडात टाकलीस तर काही होत नाही. एकत्र चावलीस की तोंड लाल. लाल कुठून आला? बाहेरून आला का? तसंच हे. हाडं-मांस-रक्त एका विशिष्ट तऱ्हेनं एकत्र आलं की कळायला लागतं."

हा दृष्टान्त माझा नव्हे, चार्वाकांचा आहे. त्यांचे मूळ ग्रंथ जवळजवळ सगळे गेले. ते कळतात ते त्यांना खोडायला बसलेल्यांच्या पुस्तकांतून, म्हणजे बाईची बाजू सवतीच्या तोंडून ऐकावी तसं. चौदाव्या शतकातला माधवाचार्यांचा 'सर्वदर्शनसंग्रह' चार्वाकांचं म्हणणं देतो: पृथ्वी, पाणी, तेज, वायू या चार भूतांपासून चैतन्य उपजतं, 'किण्वादिभ्यः समेतेभ्यो द्रव्येभ्यो मदशक्तिवत्'. किण्व म्हणजे दारू गाळताना घालतात ते आंबवण. धान्यात नशा नसते, पाण्यात नसते, किण्वात नसते. एकत्र आंबली की नशा येते. दुसऱ्या एका संग्रहात विड्याचा दाखला आहे, तांबूल, पूग आणि चूर्ण यांच्या योगानं उठणाऱ्या लाल रंगाचा. रसायनशास्त्रानं पाहिलं तर दाखला अचूक आहे. सुपारीतली फेनॉल जातीची द्रव्यं चुन्याच्या अल्कलीत हवेतल्या ऑक्सिजनशी क्रिया करतात आणि लाल होतात. जादू नाही, बाहेरून काही आलेलं नाही.

आत्यानं जीभ बाहेर काढून आरशात पाहिली. लालभडक. आणि तिथं मला एका मुलाची आठवण झाली.

दहा-बारा वर्षं झाली असतील. बारावीच्या प्रॅक्टिकलला रेझिस्टरचे रंगपट्टे वाचायला देते मी, त्यांवरून त्याचा विद्युतरोध किती ते कळतं. 'बी बी रॉय ऑफ ग्रेट ब्रिटन' करत रंगांचा क्रम घोकत भारतातल्या पिढ्यान् पिढ्या पास झाल्या त्यातलंच ते. तपकिरी, काळा, लाल म्हणजे १ किलोओहम. लालच्या जागी हिरवा असला तर १ मेगाओहम, हजार पटींचा फरक. हा मुलगा वर्गातला सर्वांत हुशार. त्यानं सहा रेझिस्टर वाचले, त्यातले तीन साफ चुकले, आणि चूक दर वेळी नेमकी लाल-हिरव्याची. मी चिडले. त्यानं खाली मान घालून सांगितलं, "मॅडम, मला दोन्ही सारखेच दिसतात." घरी माहीत होतं, शाळेत कधी कुणाला सांगितलं नव्हतं. सिग्नल तो वरचा दिवा, खालचा दिवा असा ओळखायचा.

मी त्याला मल्टिमीटर दिला. पुढं वर्षभर तो रेझिस्टर मीटरनं मोजून, मग पट्टे कोणते असणार ते उलट गणितानं काढून वहीत लिहायचा, आणि एकदाही चुकला नाही. प्रकाशाच्या धड्यात तर त्यानं मला मागं टाकलं. लाल म्हणजे ६५० नॅनोमीटरच्या आसपासची तरंगलांबी, डोळ्याच्या पडद्यावर रंग टिपणाऱ्या पेशी म्हणजे तीन प्रकारचे शंकू, त्यांतल्या लांब आणि मध्यम तरंगांच्या शंकूंच्या प्रतिसादांची वजाबाकी झाली की लाल-हिरवा भेद निघतो, आपल्या डोळ्यात त्या दोहोंपैकी एक प्रकार नीट नाही, त्याचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं, ते आईकडून आलं. सगळं त्यानं वाचून काढलं होतं. निरोपाच्या दिवशी लॅबमध्ये खुर्च्या लावता लावता त्यानं विचारलं, "मॅडम, लाल कसा दिसतो?"

मी उत्साहानं तोंड उघडलं. रक्तासारखा, म्हणणार होते. मग वाटलं, कुंकवासारखा. जास्वंदीसारखा. पिकलेल्या टोमॅटोसारखा. एकेक उपमा ओठावर यायची आणि कळायचं की ही याच्या काही कामाची नाही. टोमॅटो त्यानं रोज पाहिलाय. शेवटी मी म्हणाले, "गरम असतो." तो हसला. त्याला तो विनोद वाटला.

या मुलाचीच गोष्ट १९८२ मध्ये फ्रँक जॅक्सन या ऑस्ट्रेलियन तत्त्वज्ञानं कल्पनेनं रचून ठेवली होती. त्याची नायिका मेरी जन्मापासून काळ्या-पांढऱ्या खोलीत वाढलेली शास्त्रज्ञ. रंगदृष्टीबद्दल जे जे भौतिक ज्ञान असू शकतं ते तिला सगळं आहे. एक दिवस दार उघडतं आणि ती पहिल्यांदा लाल पाहते. तिला नवं काही कळलं का? कळलं असेल, तर भौतिक ज्ञान सगळं असूनही काही तरी सुटलं होतं. म्हणून सगळं भौतिक नाही. युक्तिवाद एवढाच, पण त्यानं चाळीस वर्षं तत्त्वज्ञांच्या दोन-तीन पिढ्यांना काम पुरवलं. कुणी म्हणालं, तिला नवी माहिती नाही मिळाली, नवं कसब मिळालं, जसं पोहायचं पुस्तक पाठ असलेल्याला पाण्यात पडल्यावर मिळतं. कुणी म्हणालं, तीच जुनी माहिती नव्या वाटेनं मिळाली. मोठी गंमत म्हणजे पुढं खुद्द जॅक्सननंच पक्ष बदलला. भौतिकवाद खरा असणार, म्हणून माझ्या युक्तिवादात कुठं तरी खोट असणार, असं तो म्हणू लागला. आपल्याच सर्वांत गाजलेल्या युक्तिवादावर पाणी सोडणारा माणूस मला तरी दुसरा माहीत नाही, आणि त्याबद्दल मला त्याचा आदर वाटतो. पण लॅबमध्ये 'गरम असतो' म्हणाल्यावर मला जे ओशाळल्यासारखं झालं, ते जॅक्सनच्या माघारीनं जात नाही.

तर आत्याची जीभ. चार्वाक म्हणतात, लाल रंग विड्यातून उपजला. विड्यातून खरोखर उपजलं ते एक द्रव्य, जे काही तरंग शोषतं आणि काही परत फेकतं. 'लाल' उपजला तो माझ्यात. त्या मुलासमोर आत्यानं जीभ काढली असती, तर रसायन तेच, तरंग तेच, पण लाल नाही, काही तरी मातकट-पिवळट. म्हणजे जाणीव कशी उपजते हे समजवायला चार्वाकांनी जो दाखला घेतला, त्यात जाणीव आधीच लपून बसलेली होती. दारूचंही तेच. भट्टीत उपजलं ते अल्कोहोल. नशा चढली ती पिणाऱ्याला. न पिणाऱ्या मडक्याला नशा आहे का? चार्वाकांनी दोन दाखले घेतले आणि दोन्ही जाणिवेकडूनच उसने आणले, हे माझ्या इतक्या वर्षांत कधी लक्षात आलं नव्हतं. ऐंशी वर्षांच्या बाईनं आरशात जीभ पाहिली नसती तर आलंही नसतं.

अर्थात चार्वाकांचा आजचा वकील म्हणेल, दाखला बदला. सजीवपणाचा घ्या. एके काळी लोकांना वाटायचं की जिवंत पदार्थात 'जीवनशक्ती' म्हणून काही निराळं असतं. १८२८ मध्ये व्होलरनं मूत्रपिंडाच्या मदतीवाचून प्रयोगशाळेत युरिया बनवला, पुढं पेशी, प्रथिनं, डीएनए एकेक उलगडत गेलं, आणि जीवनशक्तीचं नावही कुणी घेईनासं झालं. जाणिवेचंही तसंच होईल, धीर धरा. भौतिकवाद्यांचा हा मला सर्वांत वजनदार वाटणारा मुद्दा आहे. पण त्यात एक मेख आहे, ती डेव्हिड चामर्स या तत्त्वज्ञानं दाखवली. सजीवपणात समजवायचं होतं ते सगळं काम होतं: पचवणं, वाढणं, पिलं घालणं. कामाचं यंत्र दाखवलं की प्रश्न मिटला. जाणिवेत मात्र काम समजावून झाल्यावरही एक प्रश्न उरतो: ते काम चालू असताना आत काही वाटतं का, आणि का वाटतं? १९९४-९५ च्या सुमारास त्यानं याला 'कठीण प्रश्न' असं नाव दिलं आणि ते चिकटलं. मेंदूशास्त्रज्ञ क्रिस्टोफ कॉख यानं १९९८ मध्ये त्याच्याशी पैज मारली की पंचवीस वर्षांत जाणिवेची मेंदूतली स्पष्ट खूण सापडेल. २०२३ च्या जूनमध्ये न्यूयॉर्कच्या एका परिषदेत कॉखनं जाहीरपणे हार मानून वाइनच्या बाटल्या आणून दिल्या. पैज हरणं म्हणजे सिद्धान्त हरणं नव्हे, पण प्रश्न लेचापेचा नाही एवढं कळतं.

दुसऱ्या बाजूचंही मी सहज सोडणार नाही. शंकराचार्यांनी लोकायतांना, म्हणजे चार्वाकांनाच, दिलेलं उत्तर ब्रह्मसूत्रभाष्याच्या तिसऱ्या अध्यायात आहे. ते म्हणतात, दिवा असला की दिसतं, नसला की दिसत नाही, म्हणून पाहणं हा काही दिव्याचा गुण ठरत नाही. शरीर असलं की जाणीव असते, म्हणून जाणीव शरीराचा गुण ठरत नाही. शरीर हे साधन, दिव्यासारखं. माझ्या झेनॉनच्या दाव्याला हे बाराशे वर्षांपूर्वीचं उत्तर, आणि फटका नेमका बसलाय: झेनॉननं दिवा मालवला एवढंच सिद्ध झालं. पण दिव्याची काच फुटली तर सगळंच अंधुक दिसावं. मेंदूत तसं होत नाही. एका जागी रक्तस्राव झाला की माणसाला बाकी सगळं दिसतं आणि फक्त चेहरे ओळखू येत नाहीत. दुसऱ्या जागी झाला तर डावी बाजू दिसेनाशी होते असं नव्हे, डावी बाजू नावाचं काही असतं हेच त्याच्या गावी राहत नाही. ताटातला डाव्या बाजूचा भात तसाच. १८४८ मध्ये व्हरमाँटमध्ये रेल्वेच्या कामावर फिनियस गेजच्या कवटीतून लोखंडी पहार आरपार गेली. तो जगला, पण मित्र म्हणू लागले की हा आमचा गेज नव्हे. दिव्याचा कोपरा फुटल्यावर पाहणाऱ्याचा स्वभाव बदलत असेल, तर पाहणारा दिव्याच्या फार आत जाऊन बसलाय.

इथपर्यंत आल्यावर मी नेहमी अडायची. पण अलीकडं मला वाटू लागलंय की या वादात सगळे 'जाणीव' या शब्दाची उलटतपासणी घेतात आणि 'भौतिक' या शब्दाला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभंच करत नाहीत. तो प्रतिष्ठित माणूस, त्याला काय विचारायचं! मी मात्र त्या शब्दावर सत्तावीस वर्षं पोट भरते आहे. दर वर्षी जून-जुलैत कुणी तरी विचारतंच, "मॅडम, चार्ज म्हणजे काय?" मी सांगते, इलेक्ट्रॉनवर १.६ गुणिले दहाचा उणे एकोणिसावा घात कूलोम एवढा ऋण चार्ज असतो. सारखे चार्ज एकमेकांना ढकलतात, विरुद्ध ओढतात. फिरता चार्ज चुंबकीय क्षेत्र निर्माण करतो. पोरगं लिहून घेतं. एखादं चिवट असतं, ते म्हणतं, "हे चार्ज काय करतो ते झालं. चार्ज आहे काय?" मी म्हणते, परीक्षेला येत नाही. खरं उत्तर असं की भौतिकशास्त्राला ते ठाऊक नाही, आणि ठाऊक करून घेण्याचा त्याचा दावाही नाही. वस्तुमान, चार्ज, स्पिन, सगळं आम्ही वागण्यावरून ओळखतो. सासरच्या माणसांना ओळखतात तसं. आत काय आहे त्याबद्दल समीकरणं मुकी. बर्ट्रंड रसेलनं १९२७ मध्ये आणि खगोलशास्त्रज्ञ एडिंग्टननं त्याच्या पाठोपाठ हे स्वच्छ लिहून ठेवलंय, आणि एकाच जागी आपल्याला पदार्थ आतून माहीत आहे, ती जागा म्हणजे आपली स्वतःची जाणीव, असं सुचवलंय. यावरून काही जण पुढं जाऊन इलेक्ट्रॉनलाही चिमूटभर जाणीव बहाल करतात. तिथपर्यंत माझी जीभ वळत नाही. पण 'जाणीव पूर्णपणे भौतिक आहे' या वाक्याला मी हो म्हणते, तेव्हा कशाला हो म्हणते ते मला पूर्वीइतकं स्पष्ट नाही. वाक्यातला ज्याला मी पाया समजत होते, तो शब्दच पोकळ वाजतोय.

बरं, निदान एक गोष्ट पक्की होती. त्या पावणेदोन तासांत मी नव्हते. नैयायिकांचा शिक्का होता त्यावर.

ऑपरेशनला दोन आठवडे झाल्यावर बहिणीचा मुलगा जेवायला आला. हाच त्या दिवशी स्ट्रेचरबरोबर होता. भाकरी मोडता मोडता म्हणाला, "मावशी, लिफ्टमधे तू काय विचारलंस आठवतंय का?" कुठली लिफ्ट? मला कुठलीच लिफ्ट आठवत नव्हती. त्यानं सांगितलं की पावणेबाराला मला थिएटरमधून बाहेर आणलं. लिफ्टमध्ये मी डोळे उघडले, त्याच्याकडं पाहिलं, त्याला नावानं हाक मारली आणि विचारलं, "दूध उतू गेलं का?" तो म्हणाला, "नाही मावशी, गॅस बंद केलाय." मी म्हणाले, "बरं झालं." आणि डोळे मिटले. "एकदम निवांत झालीस," तो म्हणाला. "चेहराच बदलला तुझा."

नंतर वाचलं की हे नेहमीचंच. भूल देण्याआधी मन शांत करायला जे औषध टोचतात, त्यानं आठवण नोंदवली जाणंच थांबतं. माणूस बोलतो, उत्तरं देतो, नोंद होत नाही. याहून अस्वस्थ करणारी एक चाचणी आहे. टन्स्टॉल या ब्रिटिश भूलतज्ज्ञानं १९७७ मध्ये सिझेरियनच्या रुग्णांवर ती केली. स्नायू लुळे करणारं औषध देण्याआधी एका हाताला पट्टा आवळायचा, म्हणजे तेवढा हात औषधातून सुटतो. मग भूल चढलेल्या बाईच्या कानाशी म्हणायचं, ऐकू येत असेल तर माझा हात दाबा. काही जणी दाबतात. नंतर विचारलं तर बहुतेकींना काही आठवत नाही. त्यांनाही विचारा, तुम्ही कुठं होता, त्या म्हणतील, कुठंच नव्हते.

म्हणजे माझं 'कुठंच नव्हते' हेसुद्धा आठवण नव्हतं, अनुमानच होतं. आठवत नाही, यावरून मी काढलेलं. ज्या काठीनं मी वेदान्त्याला हाणलं, तीच माझ्या पाठीत बसली. जड प्रकृती आणि चेतन पुरुष अशी दोन तत्त्वं मानणारे सांख्यवाले म्हणतील, यात घाबरण्यासारखं काय आहे, मन-बुद्धी-अहंकार हे सगळं प्रकृतीचं, जडच. दुधाची चौकशी बुद्धीनं केली, पाहणारा पुरुष निराळा, तो तिथं असेल किंवा नसेल. विचार करायला जाणीव लागतेच असं नाही, हे त्यांनी किती आधी ओळखलं होतं! हल्ली मोबाइलमधलं यंत्र मराठीत गप्पा मारतं, तेव्हा मला सांख्यांची फार आठवण येते. दुधाचा प्रश्न जडानं विचारला असेल. पांढरं औषध डोळ्यांसमोर होतं, त्यावरून दूध, दुधावरून गॅस. चेतापेशींची साखळी, विझता विझता लागलेली. इतपत मी मान्य करू शकते.

पण भाचा म्हणतो, चेहरा बदलला. सुटका झाल्यासारखा.

आत्याला हे अजून सांगितलेलं नाही. सांगितलं तर ती चंचीची नाडी सोडत विचारणार, "मग बरं वाटलं ते कुनाला गं?"